पित्ताच्या गोळ्यांची बाटली

मंगळवार, ४ मार्च
सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं

ताई,

मी ओट्याजवळ उभा राहून नव्या गोळ्या पाकिटांतून काढतो आहे आणि बाबांच्या पित्ताच्या जुन्या बाटलीत टाकतो आहे. मधेमधे हात पुसून हे लिहितो. बाबा सहाला उठतात. त्याआधी रिकामी पाकिटं खिशात घालायची आणि दुकानाच्या वाटेवरच्या कचराकुंडीत टाकायची. घरच्या डब्यात टाकली तर ते वाचतील. छापलेलं काहीही दिसलं की ते वाचतात, तुला माहीत आहे.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. माझी शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखन तूच गिरवून घेतलं होतंस, त्यामुळे इथे काही चुकलं असेल तर अर्धा दोष तुझा.

बाबा ठीक आहेत. आधी हेच लिहायला हवं होतं.

दवाखान्यातल्या त्या दिवसाला आज पाच आठवडे झाले. डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघांना आत बोलावलं, तेव्हा बाबा शेजारच्या खोलीत छातीला तारा लावून पडले होते. त्या म्हणाल्या, ठोके अनियमित आहेत, हृदयात गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते, रक्त पातळ करणारी गोळी आता कायम घ्यायची. तू लगेच म्हणालीस, "बाबांना आत बोलावू या." त्याही म्हणाल्या, "बोलवा की. गोळी त्यांना घ्यायचीय, तुम्हाला नाही." मी तुझी बाही ओढली आणि त्यांना म्हणालो, मी घरी सावकाश सांगतो. त्यांनी विश्वास ठेवला. तू नाही ठेवलास. बाहेर आल्यावर मी तुला आईची शपथ घातली. तू म्हणालीस, "ठीक आहे, नाही सांगणार. पण मला खोटं बोलता येत नाही. बाबांनी विचारलं तर तोंडातून निघून जाईल. म्हणून मी फोनच करणार नाही. बस आता सांभाळत."

तर मी सांभाळतो आहे. काका कसे गेले ते तुला आठवत असेल. हृदयाचं कळलं आणि त्यांनी अंथरूण धरलं, महिनाभरात संपले. बाबांनीच कितीदा सांगितलं आहे, "कळलं म्हणून गेला तो." मी बाबांना भिंतीकडे तोंड करून झोपलेलं बघू शकणार नाही. म्हणून गोळी पित्ताची. त्यांना पित्त आहेच, बाटलीही तीच. "चव वेगळी लागते," म्हणाले. मी म्हणालो, कंपनी बदलली. "पित्ताला रक्त कशाला तपासतात?" म्हणाले. मी म्हणालो, आता नवीन पद्धत आहे. तपासायला त्यांना घेऊन जातो, पण आकड्याचा कागद डॉक्टरांना दाखवायला मी एकटाच जातो.

तुझ्याबद्दल रोज विचारतात. काल दुकानात चौकटीच्या पट्टीचे कोपरे जुळवता जुळवता म्हणाले, "मी तिला काही लागेल असं बोललो होतो का रे?" मी म्हणालो, तिला काम फार आहे. ते म्हणाले, "काम तिला आधीही होतंच."

आईनं भरतकाम केलेला रुमाल तू चौकटीत बसवून मागितला होतास. तो तयार आहे. काच, पुठ्ठा, खिळे, सगळं झालं आहे. फक्त मागचा खाकी कागद चिकटवलेला नाही. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. ज्याची वस्तू त्यानं आतून बघितल्याशिवाय मागची बाजू बंद करायची नाही. बरीच गिऱ्हाइकं कंटाळतात, तरी ते उलटं करून दाखवतात. हा खिळा इथे, ओल आली तर इथून बघा. तुझी चौकट माळ्याच्या फळीवर उलटी ठेवली आहे.

परवा दाढी करताना बाबांच्या गालावर जरा कापलं. कापूस लावला. बाकी ठीक.

तुझा फूटपट्टी


सोमवार, १७ मार्च
दुकानात, दुपारी, बाबा जेवायला गेले आहेत

ताई,

उत्तराची अपेक्षा नव्हती, तरी पोस्टमन गेल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत बघून आलो.

रक्ताचा आकडा दोन आणि तीनच्या मधे हवा असतो. मागच्या वेळी दीड होता, आता साडेतीनच्या वर. डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "गोळ्या चुकवतात का ते?" मी नाही म्हणालो. "जास्त घेतात का?" मी नाही म्हणालो. "पालेभाज्या, दुसरी कुठली औषधं, दुखण्याच्या गोळ्या? त्यांना विचारून सांगा." मी म्हणालो, विचारतो. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्यांनाच आणा. मला त्यांच्याशी बोलायचंय." मी म्हणालो, दुकान असतं.

मी विचारलं नाही. काय म्हणून विचारणार? पित्ताच्या गोळीची एवढी चौकशी कोण करतं? रोज मी हातात गोळी ठेवली असती तरी त्यांना शंका आली असती. बाटली आरशाखालच्या फळीवर असते आणि मी "झोपताना एक" एवढंच म्हणतो. मी बाटलीतल्या गोळ्या मोजतो. त्या असाव्यात त्यापेक्षा तीन कमी आहेत. आधीच्या आठवड्यात चार जास्त होत्या. माझ्या मोजण्यात चूक झाली असेल.

मोजण्यात माझी चूक होत नाही, म्हणून तर तू मला फूटपट्टी म्हणतेस. पण कधीतरी होऊ शकते.

बाबा मजेत आहेत. सकाळी एक बाई लग्नाचा फोटो घेऊन आल्या. नवरा-बायको दोघंही कॅमेऱ्याकडे न बघता एकमेकांकडे रागानं बघत होते. बाबा म्हणाले, "चौकट कशी हवी? मधे दांडी टाकून देऊ का?" बाई इतक्या हसल्या की आगाऊ पैसे ठेवून गेल्या.

दुपारनंतर जरा दमतात. हाताला हिरा लागून कापलं की, तोच आपला काच कापायचा हिरा, रक्त पटकन थांबत नाही. म्हणतात, "म्हातारपणी नळाचे वायसरही जातात." मी हसलो. काय करणार होतो?

तू एकदा फोन कर. खोटं बोलू नकोस, फक्त हवापाण्याचं बोल. त्यांना वाटतं तू त्यांच्यावर रागावली आहेस. हे लिहिताना मला कळतं आहे की याचाही उपाय माझ्याच हातात आहे.

फूटपट्टी


शनिवार, २९ मार्च
दवाखान्यातला बाक, सकाळ

ताई,

बाबा काल दुकानात पडले. आत्ता बरे आहेत. झोपले आहेत. रक्ताची दुसरी पिशवी संपत आली आहे. हे सगळं तुला फोनवर सांगायचं होतं. तीनदा लावला. निरोपात फक्त "बाबा दवाखान्यात, धोका टळला" एवढंच बोलता आलं, म्हणून बाकीचं लिहितो.

ते आरशाची मोठी काच कापत होते. चक्कर आली, काच हातातच तुटली आणि उजव्या तळहातात शिरली. मी फडकं बांधलं. ते भिजलं. दुसरं बांधलं, तेही भिजलं. शेजारच्या सायकलवाल्यानं रिक्षा आणली. वाटेत बाबा म्हणत होते, "अरे, काच कोणाची होती ते लिहून ठेव, त्यांना दुसरी द्यावी लागेल."

हात ही मोठी गोष्ट नव्हती. चक्कर का आली, हे नर्सनं शोधलं. मी खिडकीपाशी नाव लिहून देत होतो, तिकडून ऐकू येत होतं.

"आजोबा, शौचाला काळं होतंय का?"

"चार दिवस होतंय. मला वाटलं, पित्त पडतंय."

"कुणाला सांगितलं नाही?"

"शौचाचं काय सांगायचं पोराला?"

"औषधं कुठली घेता?"

"एकच, पित्ताची. जळजळ नसली की घेत नाही. उगाच कशाला औषध खायचं? वाढली की दोन घेतो. हल्ली वाढलीय. गुडघ्यासाठी शेजारी एक गोळी देतात, तिच्यामुळे वाढत असेल."

त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. दुकानात जळजळ झाली तर असू द्याव्यात म्हणून त्यात तीन गोळ्या बांधलेल्या होत्या. नर्सनं एक उलटीसुलटी करून पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी पेन खाली ठेवलं.

बाहेर येऊन तिनं विचारलं, "यांना पित्ताची गोळी म्हणून ही कुणी दिली?"

मी म्हणालो, औषधवाल्याची चूक झाली असेल.

हे मी तुलाच लिहितो आहे, दुसऱ्या कुणाला अजून सांगितलेलं नाही. आपल्या नाक्यावरचा औषधवाला. गेल्या महिन्यात पैसे कमी पडले तर तो म्हणाला होता, पुढच्या वेळी दे.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कागद पाहिले, बाटली पाहिली, औषधवाल्याचं नावही काढलं नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही घरी सांगणार होतात." पुढे म्हणाल्या, "पोटात रक्तस्राव झालाय. रक्त गोठायचं औषध दिलंय, सध्या गोळी बंद. पुन्हा सुरू करायची की नाही हे मी तुम्हाला विचारणार नाही. मी त्यांना विचारणार आहे. बुधवारी, ते बसू शकले की."

मी म्हणालो, त्यांना सोसणार नाही.

त्या म्हणाल्या, "हे काय कमी सोसलंय?"

ताई, तुला घातलेली शपथ मी परत घेतो. शपथ परत घेता येते की नाही माहीत नाही, पण मी घेतो. बुधवारी ते खचले तर मी काय करू ते मला कळवशील का?

फूटपट्टी


बुधवार, २ एप्रिल
तोच बाक, संध्याकाळ

ताई,

सांगून झालं. जसं झालं तसं लिहितो.

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बाबांच्या समोर बसल्या. ठोक्यांच्या आलेखाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी हृदय काढलं, ते वांग्यासारखं दिसत होतं आणि बाबांनी तसं म्हटलंही. मग त्यांनी ठोक्यांचं सांगितलं, गुठळीचं सांगितलं, गोळीचं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "हे मी जानेवारीत तुमच्या मुलांना सांगितलं होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं. माझीही चूक आहे."

बाबांनी हाताच्या बँडेजकडे बघितलं. मी पलंगाची दांडी धरून उभा होतो. आता भिंतीकडे वळतील असं मला वाटलं. ते माझ्याकडे वळले.

"म्हणजे पोरगी माझ्यावर रागावली नव्हती?"

मी म्हणालो, नाही. मी तिला शपथ घातली होती.

"दोन महिने मी आठवत बसलो होतो, काय बोललो असेन," ते म्हणाले. "तिच्या लग्नात काय बोललो, तिच्या सासूला काय बोललो. तिथपर्यंत गेलो मागे."

मी काकांचं सांगितलं. कळलं म्हणून गेले, तुम्हीच म्हणायचात, मला भीती वाटली. बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं थकले. मग डोळे मिटूनच बोलले.

"मी तसं सांगत आलो खरं. दादाला आम्ही काही सांगितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, वजन उचलू देऊ नका. मी त्याला म्हणालो, तुझी पाठ धरलीय. पाठच ना, म्हणून तो काचेच्या पेट्या उचलत राहिला, वर्षभर. खरं कळलं ते शेवटच्या महिन्यात. तेव्हा पडून राहिला, ते तुम्हाला दिसलं. मला म्हणाला, नीट सांगितलं असतंस तर पेट्या तू उचलल्या असत्यास." मग म्हणाले, "त्यानंतर मी ते उलटं करून सांगायला लागलो. तसं बरं वाटायचं."

डॉक्टरीणबाई उठल्या नाहीत. बाबाच म्हणाले, "बरं. आता पुढचं विचारतो. गोळी नाही घेतली तर?"

"तुमच्यासारखी शंभर माणसं धरली तर वर्षभरात साधारण पाच जणांच्या मेंदूत गुठळी जाते. घेतली तर एक-दोघांच्या. पण घेणाऱ्यांत दोघा-तिघांना मोठा रक्तस्राव होतो, आणि तुम्हाला एकदा झालाय."

"झाला तो गोळीमुळे की माझ्या दोन-दोन घेण्यामुळे?"

"दोन-दोन घेतल्यामुळे. वर गुडघ्याची. ती तर अजिबात चालत नाही."

"मग गोळीला कशाला नावं ठेवायची?" बाबा म्हणाले. "गुडघ्याला दुसरं काय चालेल ते सांगा. किती दिवसांनी सुरू करायची ते सांगा. काळं झालं तर कुणाला सांगायचं तेही सांगा. पोराला नाही सांगणार, तो घाबरट आहे."

नर्स हसली. मीही हसणार होतो, पण बाबा हसत नव्हते.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहितो. पंधरा मार्चला मी बाबांना दोन गोळ्या घेताना पाहिलं होतं. आरशासमोर उभे होते. तळहातावर दोन घेतल्या आणि मला म्हणाले, "आज जरा जास्तच जळजळतंय." मी दारात होतो. मला माहीत होतं त्या कसल्या गोळ्या आहेत. थांबा, एवढं म्हणायला हवं होतं. पण ते विचारतील, "का?", आणि मग सगळंच सांगावं लागेल, म्हणून मी म्हणालो, "पाणी जास्त प्या." दोन दिवसांनी तुला लिहिलं की माझ्या मोजण्यात चूक झाली असेल.

हे, आणि औषधवाल्याचं मी खोटंच सांगितलं होतं तेही, मी डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं, नर्सलाही, बाबांनाही. नर्स म्हणाली, "औषधवाल्याला वाचवलंत म्हणायचं." बाबा दुपारपासून माझ्याशी बोललेले नाहीत. पाणी हवं असलं की नर्सला सांगतात, मी तांब्याला हात लावून उभा असलो तरी.

तू त्यांना फोन करू शकतेस. आता खोटं बोलावं लागणार नाही.

तुझा भाऊ


रविवार, २५ मे
दुकानात, सकाळी

ताई,

तू फोन करतेस तेव्हा मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहतो. पहिल्या दिवशी बाबा तासभर बोलले. आत आलो तर डोळे लाल होते आणि मला म्हणाले, "तिच्याकडे पावसाची लक्षणं नाहीत म्हणे." त्या आठवड्यात माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. तू माझी चौकशी केली नाहीस हे मी विचारून घेतलं. ठीक आहे.

त्यांच्याबद्दल लिहितो. गोळी सुरू होऊन साडेचार आठवडे झाले. आकडा लागोपाठ तीन वेळा दोन आणि तीनच्या मधे आला आहे. तपासायला मी नेतो, पण कागद ते स्वतः घेतात, स्वतः वाचतात आणि डॉक्टरीणबाईंना फोनही स्वतः करतात. एकदा त्यांनी जास्त मात्रा सांगितली तेव्हा बाबा म्हणाले, "या आठवड्यात पालेभाजी तीनदा झाली, त्याचं काही असेल का?" तसंच निघालं. मात्रा न वाढवता भाजीच कमी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असे दहा पेशंट मिळाले तर मी दुपारी झोपेन."

गुडघ्याला शेक देतात आणि भिंतीला पाठ लावून व्यायाम करतात. गिऱ्हाईक आलं तरी थांबत नाहीत. म्हणतात, "रक्त पातळ आहे माझं, घाई करायची नाही." सायकलवाल्याला, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. "मी पडलो तर दवाखान्यात आधी हे सांगा." मी ज्या गोष्टीसाठी पाकिटं कचराकुंडीत लपवली, ती आता गल्लीला माहीत आहे.

पित्ताची बाटली त्यांनी फेकली. चौकटीच्या उरलेल्या पट्टीतून एक उथळ खोका केला आहे, सात कप्प्यांचा, वर सरकती काच. रविवारी गोळ्या भरतात, गुडघ्याच्या वेगळ्या, पित्ताच्या खऱ्या वेगळ्या. तो आरशाखाली ठेवला आहे. लांबूनही कळतं आजची घेतली की नाही. खोका मी जोडला, कारण त्यांचा उजवा हात नीट मिटत नाही. आतली शीर कापली होती. अंगठा आणि पहिलं बोट जवळ येतात, टेकत नाहीत. हिरा धरता येत नाही. चाळीस वर्षं त्यांनी काच कापली, आता मी कापतो आणि ते शेजारी उभे राहून सांगतात, "दाबू नकोस. ती आपणहून सुटते." हे ते रागानं म्हणत नाहीत. रागानं म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

नाक्यावरच्या औषधवाल्याकडे जाऊन मी त्याच्यावर काय ढकललं होतं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आता उधार नाही. बरोबर आहे.

हिशोब. जानेवारीपासून बाबांना मी कशाचीही किंमत कळू दिली नव्हती. काल त्यांनी मागितला. "माझ्या आजाराला किती पडले ते मला कळू नये का?" मी सगळं मांडून दाखवलं. तू फेब्रुवारीत पाठवलेले पैसेही त्यांना तेव्हाच कळले. ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. मग म्हणाले, "पित्ताच्या बाटलीचे कुठे दिसत नाहीत?"

मी म्हणालो, बाटली जुनीच होती, तिचे पैसे पडले नाहीत.

"पडले की," ते म्हणाले.

मग म्हणाले, "आता हा तिला पाठव. जसाच्या तसा."

खर्च
दवाखाना, सहा दिवस: १८,४००
रक्ताच्या दोन पिशव्या: ३,१००
तळहाताचे टाके, मलमपट्टी: २,२५०
रक्ताच्या तपासण्या, नऊ: ३,१५०
गोळ्या: १,०४०
एकूण: २७,९४०

आले
दुकानाच्या शिलकीतून: १२,०००
ताईकडून: ५,०००

देणे
दवाखान्याचे हप्ते: ६,९४०
काचेच्या वखारवाल्याचे उसने: ४,०००
ताईचे: ५,०००
एकूण: १५,९४०

रुमालाची चौकट, पट्टी व काच: बाबा म्हणाले, हे मांडायचं नाही. खाकी कागद कापून ठेवला आहे. चिकटवलेला नाही.